चरबीच्या गाडग्यावर पहारा

अमीरबी मुलाणणीचा विश्वास फक्त एका माणसावर होता, तो म्हणजे तिचा नवरा, आणि तो अकरा वर्षांपूर्वी कबरस्तानात जाऊन निजला होता. तो जिवंत असताना तरी तिचा त्याच्यावर विश्वास होता की नाही, हे वाडीतली जुनी माणसं खात्रीनं सांगत नाहीत. दूध घेतलं तर त्यात पाणी किती, सरपण घेतलं तर मोळीच्या पोटात ओली लाकडं किती, आणि कुणी गोड बोललं तर त्याच्या पोटात काय, हे तपासल्याशिवाय ती पुढचं पाऊल टाकायची नाही. अशा बाईच्या घरात चोरी व्हावी, तीही एकदा नव्हे तर रोज थोडी थोडी, म्हणजे चोरानं वाघाच्या जबड्यातच हात घातला होता. आणि चोरीला जात होती ती चरबी.

त्र्याहत्तर सालचा हिवाळा होता. रॉकेल मिळेनासं झालं होतं. रेशनच्या दुकानात जे काही मिळे ते आठवड्यात जळून जाई आणि उरलेले दिवस "गाडी आली की देतो" ह्या दुकानदाराच्या शब्दावर काढावे लागत. कोडोलीला वीज होती. तिथून तीन कोसांवरच्या ह्या वाडीत नुसते खांब येऊन उभे होते आणि वर्षभर त्यांचा उपयोग म्हशी अंग घासण्यासाठी करत होत्या.

अशा वेळी अमीरबीला आईची विद्या आठवली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत रॉकेल बंद झालं तेव्हा तिची आई बकऱ्याच्या चरबीचे दिवे करायची. घर मुलाण्याचं. जत्रा असो, जावळ असो, वाडीत बकरं कापायचा मान त्यांचा. आता ते काम अमीरबीचा मुलगा लालासाब करायचा आणि एरवी बाजारोबाजारी मटण विकायचा. गुर्द्याभोवतीची घट्ट चरबी पूर्वी कुत्र्यांच्या वाट्याला जाई, ती अमीरबीनं राखून ठेवायला सुरुवात केली. बारीक तुकडे करून, पाणी आणि मूठभर मीठ घालून ती मंद आचेवर कढवत बसायची. वर आलेला मळ पळीनं काढायचा, फडक्यातून गाळायचं, गार झालं की रुंद तोंडाच्या गाडग्यात पांढरीशुभ्र वडी गोठायची. मागं उरलेला कुरकुरीत चोथा भाकरीबरोबर पोटात जायचा. दिव्याला मातीची पणती नाहीतर पत्र्याची एखादी डबी चालायची. जुन्या धोतराची वात आधी वितळलेल्या चरबीत बुडवून घ्यावी लागे, नाहीतर ती कोरडीच करपून जाई. वात जाड झाली की धूर, बारीक झाली की उजेड नाही. अमीरबीची वात बरोब्बर असायची, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

हळूहळू वाडीभर मुलाणणीचे दिवे झाले. कुणी ओंजळभर शेंगा आणून द्यायचं, कुणी शेणी द्यायचं, आणि दिवा घेऊन जायचं. मराठ्यांच्या घरात तो गोठ्यात लागायचा, चुलीपाशी लागायचा. देवापुढं मात्र लावायचा नाही, आणि नृसिंह मास्तरांच्या घराकडं तर त्याचं नावही काढायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं. वाडीतलं बामणाचं तेवढं एकच घर होतं.

चरबी कमी होतेय हे लक्षात आलं तेव्हा अमीरबीला आधी मांजराचा संशय आला. तिनं गाडग्यावर दगड ठेवला. मग चिमणाबाईचा आला. ही शेजारीण दिवसातून चार वेळा विस्तव मागायला यायची आणि जाताना चार घरच्या बातम्या ठेवून जायची. तिला आठ दिवस उंबऱ्याबाहेरच विस्तव दिला, तरी चरबी कमीच. मग अमीरबीनं डोकं लढवलं. रोज सकाळी ती गोठलेल्या चरबीवर आपला अंगठा दाबू लागली. त्या अंगठ्यावर सुरीच्या जुन्या जखमेचा आडवा वण होता, तसा अंगठा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. संध्याकाळी दगड काढून बघितलं तर ठसा जसाच्या तसा. पण काठापासून चरबीपर्यंत सकाळी दोन बोटं भरली होती, ती आता तीन भरत होती.

अमीरबीच्या अंगावर काटा आला. भुताखेतांना ती भीत नव्हती, पण ठसा न मोडता चरबी पळवणाऱ्याला भ्यायलाच हवं होतं. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गाडगं गरम राखेत ठेवलं, कडेची चरबी सुटली तसं परातीत उपडं केलं, आणि अख्खी वडी बाहेर आली. वडीच्या बुडाला सुरीनं कापल्याच्या सरळ खुणा होत्या. चोर वरून हात न लावता खालून काप काढून नेत होता आणि वडी पुन्हा जागच्या जागी बसवून ठेवत होता.

राख, परात आणि सुरी दिवसभर जिच्या हाताखाली असे अशी घरात दुसरी बाई एकच होती. ती म्हणजे सून, रशिदा.

रशिदा कबनूरची. बाप ख्वाजा तिथं यंत्रमागावर कामाला होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती, अजून पाळणा हलला नव्हता. माहेरी घरात बल्ब होता, त्यामुळं इथं आली त्या पहिल्याच संध्याकाळी ती "हितं लई काळोख हाय की" असं म्हणाली होती, आणि अमीरबीनं ते वाक्य दोन वर्षं मनात जपून ठेवलं होतं. पोरगी कामाला वाघ होती, पण गप्प. भांडणाऱ्या माणसाचं पोट निदान दिसतं तरी, गप्प माणसाच्या पोटाचा ठाव लागत नाही, असं अमीरबीचं मत होतं.

दुसरी कुणी सासू असती तर तिनं त्याच घटकेला हाक मारून जाब विचारला असता. अमीरबीचा खाक्या निराळा. विचारलं की चोर सावध होतो, मग त्याच्याकडून काही कळत नाही. तिनं वडी परत गाडग्यात बसवली, वरून अंगठा दाबला आणि तोंड बंद ठेवून डोळे उघडे ठेवले.

रोज दिवेलागणीला रशिदा "शेण टाकून येतो" म्हणून पाटी घेऊन परड्याकडं जायची. शेण टाकायला लागतो त्याच्या चौपट वेळ तिला लागायचा. एकदा ती परत आल्यावर अमीरबीनं पाणी प्यायचं निमित्त करून तिच्या पदराशी नाक नेलं. उदबत्तीचा वास! मुलाण्याच्या घरात उदबत्ती गुरुवारी लागायची, आणि त्या दिवशी मंगळवार होता.

"चिमणे, चरबीचा आणखी कशाकशाला उपयोग करत्यात गं?" दुसऱ्या दिवशी विस्तव देता देता अमीरबीनं सहज विचारल्यासारखं केलं. चिमणाबाईला आता घरात घ्यायला हरकत नव्हती, ती संशयातून सुटली होती.

"देवरुषी दिवा लावत्यात की," चिमणाबाई म्हणाली. "चरबीचा दिवा, उदबत्ती, लिंबू. करणी करायला. का वो?"

"का न्हाय."

पण सगळं जुळलं. अमीरबीचा डावा गुडघा महिनाभर ठणकत होता. सुनेला मूल नव्हतं. लालासाब बकरी घ्यायला जतकडं गेला होता, तो आठ दिवस येणार नव्हता. सासूला वाटेतून काढायचं, नवऱ्याला मुठीत ठेवायचं, आणि तेही सासूच्याच चरबीनं! संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की त्याला रोज नवं खायला लागतं, आणि अमीरबीचं भूत खाऊन खाऊन चांगलं गुबगुबीत झालं होतं. लालासाब यायच्या आत सुनेला माहेरी धाडायची असं तिनं ठरवलं. तो आला की बायकोचं तोंड बघून विरघळणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

पत्र लिहायचं तर नृसिंह मास्तरांकडं जावं लागे. सबंध वाडीची पत्रं तेच लिहायचे. मास्तर तत्त्वाचा माणूस. रॉकेलची ओरड सुरू झाली तसं त्यांनी आपल्या रेशनकार्डाचं रॉकेल शाळेत नेऊन ठेवलं, अकरावीच्या मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासासाठी. गोडंतेल देवापुढच्या समईपुरतंच होतं. त्यामुळं शाळेत उजेड आणि मास्तरांच्या घरात काळोख, असा कारभार दोन महिने चालला होता. आतल्या खोलीत त्यांची आई, अक्का, दसऱ्यापासून अर्धांगानं पडून होती. तिचं सगळं मास्तरांची बायको कालिंदी अंधारात चाचपडत करते, असं बायका म्हणायच्या. तत्त्व मास्तरांचं आणि ठेचा कालिंदीच्या पायाला.

मास्तर सोप्यात पोस्टकार्ड घेऊन बसले, अमीरबी खाली अंगणात उभी राहिली.

"लिवा. ख्वाजाभाईंना सलाम. तुमची लेक घरात चोरी करती. येऊन घेऊन जावा."

"चोरी काय केली, तेही लिहायचं का?" मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं.

"लिवा की. चरबी."

मास्तरांनी नाक मुरडलं, पण लिहिलं. त्याच वेळी आत काहीतरी दणकन पडलं.

"काय गं पडलं?"

"काही नाही," आतून कालिंदीचा आवाज आला. "तांब्या."

अमीरबीनं अर्थात तेही टिपलं. पण बामणीला चरबीच्या नावाची किळस आली असणार, एवढाच अर्थ तिनं लावला. ती पत्र घेऊन गेली आणि स्वतःच्या हातानं पेटीत टाकून आली.

आता पुरावा तेवढा हवा होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला रशिदा पाटी घेऊन निघाली आणि अमीरबी काठी घेऊन तिच्या मागं. पोरीनं शेण उकिरड्यावर टाकलं, पाटी तिथंच पालथी घातली, कमरेची पानात बांधलेली पुडी चाचपली आणि चिंचेखालून वळून ती थेट मास्तरांच्या परसात शिरली.

अमीरबी जागच्या जागी थिजली. मास्तर! तिच्या डोक्यात जिथं करणी होती तिथं त्याहून वाईट गोष्ट येऊन बसली. पण तेवढ्यात शाळेकडून मास्तरांचाच आवाज आला. ते मुलांकडून भूमितीचा सिद्धांत घोकून घेत होते. म्हणजे मास्तर घरात नव्हते. मग आत कोण होतं?

मागचं दार लोटलेलं होतं. अमीरबीनं काठीच्या टोकानं ते चार बोटं सरकवलं.

आत स्टुलावर पणती तेवत होती. तीन वातींची, धुराचा लवलेश नाही. शेजारी वास मारायला उदबत्ती लावलेली होती. पलीकडं अक्का अंथरुणावर पडल्या होत्या. त्यांच्या एका अंगाला कालिंदी होती आणि दुसऱ्या अंगाला रशिदा, आणि दोघी मिळून त्यांना कुशीवर वळवत होत्या. रशिदाचे दोन्ही हात म्हातारीच्या पाठीखाली होते. ज्या अक्का मुलाणणीची सावली पडली तर पुन्हा अंघोळ करायच्या, त्या अक्का मुलाण्याच्या सुनेच्या हातावर भार टाकून निवांत पडल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले होते.

"आज उजेड छान आहे हो," अक्का म्हणाल्या. "तूप कुठलं गं, कालिंदी?"

"वनस्पती आहे, अक्का. खवट झालेलं मिळालं थोडं."

"हं. आणि तुझ्या हाताला ताकद आली हो अलीकडं. आधी वळवताना जीव जायचा माझा."

रशिदानं श्वास रोखून म्हातारीच्या पाठीवरच्या जखमा ओल्या फडक्यानं टिपायला सुरुवात केली. उजेड नसता तर त्या जखमा कुणाला दिसल्याही नसत्या.

अमीरबीची नजर पणतीवर गेली. वात बरोब्बर होती. तिनं सुनेला वात कधी शिकवली नव्हती, पोरीनं ती बघून बघून उचलली होती.

दाराची फट कालिंदीला दिसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नुसते हात जोडले. रशिदानंही वळून बघितलं. तिनं हात जोडले नाहीत आणि मान खाली घातली नाही. अमीरबी आल्या पावली परत फिरली.

त्या रात्री रशिदा चुलीपुढं बराच वेळ बसून राहिली. सासू काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती, हे अमीरबीला स्पष्ट कळत होतं. पण बोलायचं म्हणजे आपण काय काय समजलो होतो ते कबूल करायचं. अमीरबीला शरम वाटत होती, आणि शरम कशी बोलून दाखवायची हे तिला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. "भाकरी थाप," एवढंच ती म्हणाली.

सकाळी ती पेटीपाशी गेली, पण टपाल कधीच निघून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ख्वाजा आला. केसांत सुताची कुसळं तशीच, म्हणजे मागावरून उठून आला होता. वास लागल्यासारखी चिमणाबाईही विस्तव मागायला येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"काय चोरलं माझ्या पोरीनं, इहीणबाई?" ख्वाजानं पाणीसुद्धा घेतलं नाही. "पत्रात चरबी लिवलंय."

अमीरबीनं दोन दिवस विचार केला होता. खरं सांगावं तर चिमणाबाईच्या तोंडून संध्याकाळच्या आत वाडीभर होणार. मास्तर तत्त्वाचा माणूस, तो कालिंदीला घरात ठेवील की नाही याचा भरवसा नव्हता. म्हातारीचे शेवटचे दिवस प्रायश्चित्त घेण्यात जाणार, आणि पुन्हा अंधारात. म्हणून अमीरबीनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि हे खोटं तिला महागात पडणार होतं.

"न्हाय चोरली," ती म्हणाली. "म्याच एकाला दिली, आन् इसरलो."

"कुणाला दिलासा वो?" चिमणाबाईचा गळा लांब झाला.

"तुला काय करायचंय? इस्तू घे आन् चालू लाग."

ख्वाजा सावकाश म्हणाला, "इसरलासा. आन् माझी पोर चोर झाली. मला वाचता येत न्हाय, इहीणबाई. कारखान्यातल्या कारकुनानं दहा माणसांच्या म्होरं वाचून दाखवलं मला त्ये कारड."

"चुकी झाली."

हे दोन शब्द अमीरबीच्या तोंडून वाडीनं पहिल्यांदाच ऐकले. चिमणाबाई विस्तव न घेताच पळाली.

"तुमची चुकी तुमच्यापाशी," ख्वाजा उठला. "आज चोर म्हणलासा, उद्या काय म्हणशीला त्येचा नेम न्हाय. रशिदा, बोचकं बांध."

बोचकं बांधलेलंच होतं. अमीरबीला हे अपेक्षित नव्हतं. आपण सगळा दोष अंगावर घेतला, आता पोरगी बापाला समजावेल, राहील, असं तिनं धरलं होतं. पोरीनं बोचकं काखेत मारलं आणि ती निघाली.

एसटीच्या फाट्यापर्यंत ख्वाजा पुढं चालत राहिला. मागून अमीरबी गुडघा ओढत सुनेच्या बरोबरीला आली.

"तुझं नाव न्हाय घेतलं म्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्या वैनीचं बी न्हाय."

"व्हय."

"मग का चाललीस?"

रशिदा थांबली. दोन वर्षांत ती एवढं कधी बोलली नव्हती.

"चरबी म्या न सांगता घेतली, अम्मा. ती चोरीच. चोर म्हणलासा त्येचं मला काय वाटत न्हाय. पर म्हैनाभर तुमी माझ्या मागं फिरलासा, गाडगं बोटानं मापलासा, पदराचा वास घेतलासा. एकदा बी 'रशिदा, चरबी कुठं जाती?' म्हणून इचारलं न्हाईसा. डोळ्यानं बगितल्यावर बी न्हाय. म्या चुलीपाशी वाट बगत बसलोतो."

"इचारलं असतं तर सांगिटलं असतंस?"

"वैनीनं आण घातलीती. दुसऱ्या कुणाला न्हाय सांगिटलं. तुमास्नी सांगिटलं असतं."

गाडी आली. ख्वाजानं बोचकं वर चढवलं. रशिदा पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "अक्कांची पाठ रोज सांजचं वळवाय लागती. वैनीला एकटीला न्हाय जमत." मग गाडी गेली.

अमीरबी घरी आली. गाडगं चुलीशेजारी होतं, पण तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. आपण ज्याच्यावर पहारा केला ते बघायचं नव्हतंच, आणि जे बघायचं होतं ते समोर बसून भाकऱ्या थापत होतं, हे आता कळून काही उपयोग नव्हता. ती भिंतीला टेकून बसली आणि पोटभर रडली.

दिवे लागायच्या वेळी तिनं चरबीचा एक काप पानात बांधला आणि ती मास्तरांच्या परसात गेली. कालिंदी दारातच उभी होती. रशिदा गेल्याचं तिला कळलं होतं, डोळे सुजले होते.

"येऊ का आत?" अमीरबीनं विचारलं.

कालिंदी बाजूला झाली. अमीरबीनं पणती लावली, हात धुतले, आणि म्हातारीच्या पाठीखाली दोन्ही हात सारले. दोघींनी मिळून वळवलं. पाठ वळली, पण नीट नाही. अमीरबीचा गुडघा आयत्या वेळी दगा देऊन गेला आणि अक्का कण्हल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या.

कालिंदीनं हातानं तोंड दाबलं. अक्कांनी आपला चालता हात मागं नेला, अमीरबीचं मनगट धरलं आणि अंगठ्यावरून बोट फिरवलं.

"हे कोणाचे हात?" त्यांनी विचारलं. "आणि रोज यायची ती मुलगी कुठं गेली?"

शाळेकडून मास्तरांचा आवाज येत होता. अमीरबीनं कालिंदीकडं बघितलं, मग अक्कांच्या पिकल्या डोळ्यांकडं बघितलं. म्हातारीनं सरळ विचारलं होतं, तिला सरळच सांगायला हवं होतं.

"माझी सून ती," अमीरबी म्हणाली. "म्हायेरी गेली. म्या घालवली."

अक्कांनी मनगट सोडलं नाही.

"मग उद्या पहिल्या गाडीनं जा," त्या म्हणाल्या, "आणि तिच्या पाया पडून तिला घेऊन ये. मला हे हात नकोत."

"व्हय," अमीरबी म्हणाली.